मेट्रनबाईंचे हात

३ फेब्रुवारी

काम मला मिळालं! मला!

इस्पितळातल्या मेट्रनबाई मे महिन्यात निवृत्त होतायत. सभागृहात त्यांचं तैलचित्र लागणार. तिथं सहा चित्रं आहेत — सगळी मोठ्या डॉक्टरांची, शेवटचं समितीच्या अध्यक्षांचं; सगळ्यांवर मास्तरांची सही. समितीला याही वेळी मास्तरच हवे होते. मास्तर म्हणाले, "मी आता नाही. ही करेल."

अध्यक्ष डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही त्यांचे ब्रश धुता ना?"

"हो. स्वच्छ धुते."

तेवीस वर्षं धुतेय. अट एकच — चित्र पसंत पडलं नाही तर सरळ फोटो मोठा करून लावणार.

६ फेब्रुवारी

मेट्रनबाई बसायलाच तयार नाहीत. "चौतीस वर्षं उभी आहे मी. बसले की पेंग येते!" कशाबशा बसवल्या. पेन्सिलीनं सात रेखाटनं केली. सातही पासपोर्टच्या फोटोसारखी — मान ताठ, ओठ मिटलेले. जीव नाही.

तेवढ्यात प्रसूतिगृहातून हाक आली. त्या बाह्या सरसावत पळाल्या, मी मागोमाग. दारातून दिसलं — एक पंजा बाळाच्या मानेखाली, दुसरा पाठीखाली. कोपरापर्यंत ओले हात. वही मागेच राहिलेली. टेबलावरच्या एका रुग्णाच्या तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर चार मिनिटांत उतरवलं.

हेच. दुसरं काही नाही.

९ फेब्रुवारी

मास्तरांना दाखवलं. "हात जमत नाहीत म्हणून लपवायला लोक पुस्तक देतात, शाल देतात. तू दोन्ही हात पुढे आणतेस? वर बाळ?" कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला.

"कर."

१० फेब्रुवारी

अध्यक्ष डॉक्टर: "उभ्या? बाकी सगळे खुर्चीत बसलेत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते बसले होते, कारण या उभ्या होत्या."

मेले, वाटलं! पण ते हसले. बरेच हसले. मंजूर.

१७ फेब्रुवारी

कॅनव्हास ताणला, पांढऱ्या अस्तराचे तीन हात दिले. चार फूट बाय तीन. आज चौकटी आखून रेखाटन मोठं केलं. पेन्सिलीची रेघ पहिल्या फटक्यात बसली. मनगटं तर अशी उतरली की मीच टाळी वाजवली. खोलीत एकटीच होते.

२४ फेब्रुवारी

पहिला थर. पातळ तपकिरी, नुसता उजेड आणि सावली. घरभर टर्पेंटाइनचा वास. आई नाकाला पदर लावून आली, तपकिरी मेट्रनबाईंकडे बघून म्हणाली, "कावीळ झालीय का गं यांना?"

१२ मार्च

चेहरा खरवडून काढला. चाकूनं. अकरा दिवसांचं काम.

आई कळवळली. "अगं, छान होता की!"

छान होता. त्यांचा नव्हता. दहा वर्षांनी तरुण केल्या होत्या मी, गोड हसवल्या होत्या. कुणाला खूश करत होते?

१३ मार्च

रंगाला हात लावला नाही.

१५ मार्च

मेट्रनबाईंकडे गेले. वही नेली नाही. खरं सांगून टाकलं — चेहरा सापडत नाही.

त्या चहा ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातातलं पहिलं बाळ रडलंच नाही. मी वीस वर्षांची होते. तेव्हापासून बाळ हातात आलं की रडेपर्यंत माझा श्वास अडकतो. हजारो झाली. अजून अडकतो."

मी कप तसाच ठेवून उठले. "येते मी."

"अगं, चहा?"

"चेहरा सापडला!"

२ एप्रिल

चेहरा झाला! ओल्या रंगावर ओला रंग, तीन बैठकांत. ओठ किंचित उघडे, गळ्याची शीर ताणलेली, डोळे खाली बाळावर. त्याच्या रडण्याची वाट बघतायत.

डोळ्यांखालच्या सुरकुत्या सगळ्या ठेवल्या. एकही पुसली नाही.

२१ एप्रिल

हात. खालचे थर वाळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. आज जवसाच्या तेलात लाल रंग अगदी पातळ करून बोटांच्या पेरांवर फिरवला — आणि रक्त वाहायला लागलं त्या हातांत! मग मनगटावर पांढऱ्याचा एकच ठिपका. ओलावा चमकला.

आई दारातून बघत होती. जवळ येऊन माझा रंगानं माखलेला हात धरला, इतकंच.

२८ एप्रिल

सही केली. उजवीकडे खाली, लहानशी. कॅनव्हासवर माझं नाव — आयुष्यात पहिल्यांदा!

व्हार्निश आत्ता नाही. रंग आतून वाळायला काही महिने जातील.

१४ मे

पडदा सरकला. कुणी हलेना.

मेट्रनबाई चित्रापुढे उभ्या राहिल्या. बघत राहिल्या. मग वळून मोठ्यानं विचारलं, "अगं, सोडू का आता श्वास?"

सभागृह हसलं आणि उठून उभं राहिलं! टाळ्या थांबेनात. मागून एक बाई मुलीला पुढे ढकलत म्हणाली, "बघ, तुला अशीच धरली होती यांनी." अध्यक्ष डॉक्टर म्हणाले, "फोटोचं विसरा."

आणखी एक झालं. ते उद्या लिहीन. आज हात चालत नाही.

१५ मे

टाळ्या थांबल्यावर मास्तरांनी माइक मागितला. उजवा हात वर धरला. सगळ्यांना दिसला — थरथरत होता. म्हणाले, "हा नऊ वर्षांपूर्वी गेला. या भिंतीवरचे शेवटचे तीन डॉक्टर हिनं रंगवलेत. सही तेवढी मी केली. माझं चुकलं."

अध्यक्ष डॉक्टर उठले आणि स्वतःच्या चित्रापुढे जाऊन उभे राहिले.

नऊ वर्षांत हे मी या वहीलाही सांगितलं नव्हतं.