टँकर हळू का वाजतो

नांदेड,
५ जानेवारी २०२५

ती. स्व. शिवगंगा आत्यास,
मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून सगळ्या भाचरांत मीच एकटी पत्रं लिहिते. तरी येळवशीला, वेळ अमावास्येच्या रानातल्या जेवणात, माझ्या वाट्याची भज्जी तूच संपवलीस असं अप्पांकडून कळलं.

आमच्या ‘टँकर’ची खबर विचारलीस. कॉलेजात आम्ही तिघांनी बँड काढला तेव्हा इंग्रजी पंक गाणी जशीच्या तशी वाजवायचो, कुत्रं मागे लागल्यासारखी. मग दयानंदने लातूरच्या क्लासेसवर, मेसच्या पातळ वरणावर मराठी गाणी लिहिली. चाली गोड, वेग तोच, आणि पोरं नाचून घामाघूम. आता मात्र काहीतरी बिनसलंय. दिवाळीपासून दयानंद एकेक गाणं संथ करून राहिलाय. हरिओमने बेस गिटारचा आवाज उतरवला. माझ्या ड्रमवर पंचा टाकायला लावतात. पत्र्याच्या गोदामातली तालीमही बंद. मालक कुरकुरतो म्हणे, म्हणून भोकर रोडला हरिओमच्या मामाच्या खळ्यावर उघड्यावर वाजवतो. मला वाटतं यांना ड्रमच नकोय, आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही.

दुसरी भीती त्याहून मोठी. माझ्या उजव्या कानात सारखी शिटी वाजते. तुझं असंच सुरू झालं होतं का? अप्पांना कळू देऊ नकोस. ते पहिल्या एसटीने येऊन मला घरी नेतील.

उत्तराची वाट बघते. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
मंजू


लातूर,
११ जानेवारी २०२५

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि शेंगा सोलायच्या तशाच राहिल्या. होय, असंच सुरू झालं होतं. मला वाटायचं शेजारच्या रुद्राणीकडे कुकर लागलाय. जाऊन तिला गॅस बंद कर म्हणाले, तर तिने पेटवलाच नव्हता. कानात लसणाचं तेल घालू नकोस. मी घातलं आणि दुखणं वाढवून घेतलं. दवाखान्यात जा.

आणि लपवू नकोस. घरी मी चार वर्षं लपवलं, मठात तर अजून लपवते. सोमवारच्या भजनात ओठ बघून गाते. हाकेला ओ दिली नाही की बायका म्हणतात, शिवगंगेला माज आलाय. त्यात ती शिवकांता शेजारी बसून भजनभर माझ्या गुडघ्यावर थापा मारते. लई खोडीची बाई. मी गुडघा बाजूला घेते.

अप्पाला सांगत नाही, पण त्या पोरांना तू सांग.

तुझी,
आत्या


नांदेड,
२९ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास, सा. न.

उजव्या कानाचं गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डावा जपला तर टिकेल. कानात घालायला बोळे दिलेत.

पोरांना अजून सांगितलं नाही. एप्रिलमध्ये पुण्याला मोठा कार्यक्रम आहे, ते दुसरा कुणी शोधतील. सध्या दयानंदच्या पायाकडे बघून ठेका धरते. तो हल्ली पाय फार आपटतो, म्हणून निभावतं. काल त्याची पाठ माझ्याकडे होती, पाय दिसला नाही, हरिओमने गाणं बदललं आणि मी जुनंच बडवत राहिले. दोघं थांबले, एकमेकांकडे बघितलं आणि चहाला गेले. आत्या, हसले असते तर बरं वाटलं असतं. ड्रम गेले तर माझ्याजवळ काय उरतं?

मंजू


लातूर,
३ फेब्रुवारी

चि. मंजू,

लगेच सांग. नाहीतर मीच नांदेडची गाडी धरते. कंडक्टरचं ऐकू यायचं नाही, मी पार पुढे देगलूरला जाऊन पोचेन, आणि ते पाप तुझ्या माथी.

आत्या


नांदेड,
११ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास, सा. न.

सांगितलं. शब्द जुळवून गेले होते, पण एवढंच निघालं की मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. दयानंद गिटारची तार पिळत म्हणाला की ठाऊक हाय. गणपतीत कंधारला वाजवलं तेव्हाच त्याने बघितलं होतं, मी सारखी मान वळवून डावा कान पुढे करत होते.

गोदामाचा मालक कधी कुरकुरलाच नव्हता. पत्र्याखाली आवाज घुमतो, माझ्या कानाला बाधतो, म्हणून त्यांनी खळं शोधलं. पंचा त्यासाठीच, संथ गाणीही त्यासाठीच. पाय आपटून दयानंदची टाच सुजलीय. मग बोलला का नाहीत विचारलं, तर हरिओम म्हणाला की तू बँड सोडून गेली असतीस. त्यांनाही भीतीच वाटत होती. मी खूप रडले.

पुण्याला तिघंही जातोय, हीच संथ गाणी घेऊन. अप्पांनाही मीच सांगेन. पण डाव्या कानाची धास्ती जात नाही. जरा शांत झालं की कानाशी टिचकी वाजवून बघते.

तुझी,
मंजू


लातूर,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

दयानंदच्या टाचेला आंबेहळद लावा.

काल सोमवार. शिवकांता नेहमीसारखी शेजारी येऊन बसली. तुझं पत्र डोक्यात होतं, म्हणून मी गुडघा हलवला नाही आणि नीट लक्ष दिलं. ती खोडी काढत नाही गं, ठेका देते. माझा ताल सुटला की जोरात, जमला की हळू. आणि इतकी वर्षं मी गुडघा बाजूला घेत आले.

तुला सांग सांग म्हणून मागे लागले आणि स्वतः गप्प बसले. येत्या सोमवारी तिला सांगणार आहे की मला ऐकू येत नाही. तिला माहीत आहे हे दिसतंय, तरी आतापासून तेच वाक्य घोकत बसलेय.

तुझी,
आत्या