घाणेरड्या झाडाखाली अर्धा तास

३ मार्च
समुपदेशक बाईंकडे पहिली खेप. बायकोची अट आहे: राग आवरलात तरच माहेराहून परत येईन. वास्तविक मला राग येतच नाही. मी फक्त मोठ्या आवाजात बरोबर असतो. भिंतीवर फुटलेला कपसुद्धा माझा स्वतःचा होता.
बाई म्हणाल्या, निसर्गाशी नातं जोडा. एक झाड निवडा, रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा, त्याच्याशी बोला. हे शिकायला कॉलेजात जातात म्हणे.

४ मार्च, सकाळी
बिल्डिंगच्या आवारात एकच झाड आहे आणि ते घाणेरडं आहे. खाली कावळ्यांची शीट, वरून चीक. माझ्या स्कूटरचं सीट त्यानेच नासवलं. ते पाडा म्हणून मी दर मीटिंगला सेक्रेटरींच्या मागे लागतो. आज त्यालाच नमस्कार म्हणालो. नशीब, कोणी ऐकलं नाही.

४ मार्च, संध्याकाळी
लिफ्टमध्ये वरच्या काकूंनी विचारलं, झाडाला काय म्हणत होतात?

५ मार्च
ढगाळ. दांडी. उद्यापासून नियमित.

७ मार्च
कॉलरमधून सुरवंट आत गेला. शी. अंगभर गांध्या. बाई फोनवर म्हणाल्या, हासुद्धा निसर्गाचा स्पर्शच. मी फोन ठेवला, आपटला नाही. प्रगती.

११ मार्च
झाडाला साहेबांबद्दल सांगितलं. मग मेव्हण्याबद्दल. एकदाही मध्ये बोललं नाही. आमच्या घरात हा गुण कोणाकडे नाही. मुंग्या चावल्या. बोलण्याच्या नादात ऑफिसला उशीर.

१६ मार्च
माझ्यावर या थेरपीचा काडीचाही परिणाम नाही. आज फक्त खोडावरची शीट रुमालाने पुसली. किळस आली. रुमाल फेकून दिला. खाली एक नवी पालवी फुटली आहे, लालसर, ओलसर. बघवत नाही. दोनदा बघितली.

२० मार्च
बायकोचा फोन. आवाज मऊ झालाय म्हणाली. रविवारी येते, तुमचं झाड बघायचंय. ‘तुमचं’ म्हणाली.

२२ मार्च
सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. उद्या बायको येतेय, आवार जरा साफ करून घ्या म्हटलं. ते म्हणाले, काळजीच सोडा, तुमची सगळी कुरकुर उद्या सकाळी मिटवतो. भला माणूस. मी उगाच त्याला नावं ठेवतो.

२३ मार्च, सकाळी
करवतीच्या आवाजाने जाग आली. धावत खाली गेलो. झाड आडवं. सेक्रेटरी हसत म्हणाले, घ्या, झाली ना तुमच्या मनासारखी गोष्ट?
मी त्यांना काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. वॉचमन म्हणतो, चौकापर्यंत ऐकू गेलं. चौकातच बायकोची टॅक्सी थांबली होती. ती फाटकापर्यंत आली. आधी बुंधा बघितला, मग मला. हेच ना तुमचं झाड, एवढंच विचारलं आणि त्याच टॅक्सीने परत गेली.

२३ मार्च, दुपारी
खुंटावर अर्धा तास बसलो. पँटला चीक लागला. त्याला सांगण्यासारखं बरंच होतं. बाईंना फोन करून विचारलं, खुंट चालेल का? त्यांनी उद्या सकाळचीच वेळ दिली.
स्कूटरचं सीट मात्र अगदी स्वच्छ आहे.