आईने स्वयंपाक करायचा नाही

शनि., १० जाने. सांगोल्याच्या अलीकडे

१. सकाळी आईला होटगीहून घेतले. कॅम्पर व्हॅन भाड्याची. ओटा, दोन शेगड्या, दोन बिछाने.
२. सगळ्या जेवणांचा आराखडा माझा. अट एकच: आईने स्वयंपाक करायचा नाही.
३. तरी तिने जुन्या लुगड्यात बांधून कडक भाकऱ्या आणल्या. पहाटे केलेल्या. शेंगाचटणीही.
४. धूळ नको म्हणून मी त्या हवाबंद डब्यात घातल्या. मधल्या अजून कोमट होत्या.
५. संध्याकाळी डबा उघडला. सगळ्या वातड.

आई हसली. "कोंडल्यास व्हय? फडक्यातच बऱ्या हुत्या की."

खिचडी मी केली. मी जेवेपर्यंत ती बसली नाही. गाडीत उभे राहायला जागा नाही, तरी उभी.

रवि., ११

डाळिंबाच्या बागेशेजारी मुक्काम. सहलीचे कारण लिहून ठेवते. पुण्यात दोन खोल्यांचे घर पाहिले आहे. आईने कायमचे यावे. बाबा गेल्यापासून काकांच्या घरचा सगळा स्वयंपाक तिच्याकडे. काकू वाईट नाही, फक्त उठत नाही. आईला अजून विचारलेले नाही.

उपम्यात मीठ कमी.

भाकऱ्या डॅशबोर्डवर पसरल्या. गाडीचे तोंड उन्हाकडे, वाफ जायला खिडक्या बोटभर उघड्या. बागवाले आजोबा थांबून बघत राहिले. "भाकऱ्या गाडी चालवत्यात व्हय आता?"

आई म्हणाली, "लेक इंजिनेर हाय माझी. गाडीबी चालवती, भाकरीबी वाळवती."

हे त्यांना सांगितले. मला नाही.

ऊन उतरेपर्यंत पुन्हा कडक. आमटीत चुरून खाल्ल्या. आज ती माझ्याआधी बसली.

सोम., १२. जेऊर

बटाट्याची भाजी, भात. आई कोथिंबीर निवडायला लागली. काढून घेतली. मग तिने गाडी झाडली. मग पुन्हा झाडली.

जेवणानंतर पुण्याचे विचारले.

"तितं माझं काय काम?"
"काही नाही. आराम करायचा."
"लई दिवस आराम करून काय करू गं?"

मी ताटे गोळा करू लागले.

"आन् हितं भाकऱ्या कोण करंल?"
"काकू."

बराच वेळ हसत होती. हो नाही, नाही पण नाही.

मंगळ., १३. परत

जाग आली ती थापण्याच्या आवाजाने. आज भोगी. आराखड्यात मी ब्रेड लिहिला होता. आईने बाजरीचे पीठ आणि तीळ घरूनच आणले होते. मला ते आज पहाटेपर्यंत दिसले नव्हते. अट मोडली.

एक भाकरी मला थापायला लावली. कडेला फुटली. तिने तीच स्वतःच्या ताटात घेतली.

दुपारी होटगी. काकू दारातच. "आलासा व्हय आक्का? भोगीची भाजी तेवढी राहिलीया."

आईने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला. आत जाताना एकदा वळून पाहिले. माझ्याकडे की गाडीकडे, सांगता येत नाही.

बुध., १४. पुणे

आईला पाठवलेला निरोप, जसाच्या तसा:

आई, घराचा करार सोमवारी आहे. तू येणार असलीस तर दोन खोल्या, नाहीतर एक. तिथे काय करायचे ते तू ठरव, माझी अट मी काढली आहे. रविवार, १८ तारखेपर्यंत हो किंवा नाही कळव. काकूला विचारू नकोस.