रविवारची दाढी

४ फेब्रुवारी, रविवार
मास्तरच्या मानेवर गळू. लाल, टणक, शेंगदाण्याएवढं. दाढी करताना बोट लागलं तर कळवळला. दोन्ही अंगठ्यांनी दाबून पू काढला, वरून तुरटी घासली — दुकानात एकच खडा, सगळ्या गिऱ्हाइकांना तोच. तुरटीपुढे कसला जंतू टिकतो! माझ्या मागच्या दुखण्यातल्या चार गोळ्या खणात पडून होत्या, त्याही दिल्या.
जाताना म्हणाला, "तुझी गिऱ्हाइकं दोनच. मी आणि आरसा." चाळीस वर्षं हाच विनोद. मीही चाळीस वर्षं हसतोय.

७, बुधवार
गळू लिंबाएवढं झालं. अंगात ताप. त्याच्या लेकीने त्याला दवाखान्यात भरती केलं.

९, शुक्रवार
चिरा दिला. पू तपासायला गेला होता, त्याचं उत्तर आलं. जंतू कातडीवर राहणारा, नेहमीचाच; पण नेहमीच्या औषधांना तो आता भीक घालत नाही. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण समजावून सांगतात. "अर्धवट गोळ्या खाल्ल्या की दुबळे जंतू मरतात, काका. चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते."
म्हणजे साप अर्धमेला करून सोडल्यातली गत. माझ्या चार गोळ्या आठवल्या. जीभ उचलेना, पण सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११, रविवार
दवाखान्यातच दाढी केली. नवं पातं, टॉवेल त्याचा त्याचा. सिस्टरने आधी साबणाने हात धुवायला लावले. "पन्नास वर्षं वस्तरा धरतोय," मी पुटपुटलो. म्हणाली, "मग मिनिटभर साबण धरा."
मास्तर खूश. "शेवटी तुला शाळेत घातलंच कुणीतरी."
तसं त्यानेच घातलं होतं. दाढीच्या बदल्यात मला अक्षरं शिकवली, दुकानातल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. ही वही लिहितोय ती त्याच्यामुळे.

१४, बुधवार
तुरटी फेकली. दुकानातले सगळे टॉवेल उकळले.

१८, रविवार
मास्तर घरी आला! अर्धा झालाय, पण तोंड पहिल्यासारखंच चालतं. घरी जाऊन दाढी करून दिली. मला जरा सर्दी. सारखं मनगटाने नाक पुसत होतो. "माझ्यावर शिंकू नकोस, पुन्हा तुलाच धुवायला लावेन," म्हणाला.

२१, बुधवार
हनुवटीखाली नवा फोड, हुडहुडी, पुन्हा भरती. जंतू रक्तात उतरलाय म्हणतात. सलाइनमधून जोरकस औषध चालू आहे.
बाई म्हणाल्या, हा जंतू कुणाकुणाच्या नाकात बिऱ्हाड करून असतो. त्या माणसाला काही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. लेकीच्या आणि माझ्या नाकात कापसाची काडी फिरवून घेतली.

२४, शनिवार
लेकीच्या नाकात काही नाही. माझ्या नाकात निघाला.
"तुमच्याकडूनच गेला असं छातीठोक सांगता येत नाही, काका. त्यांच्याकडून तुम्हाला आला असेल." बाईंचं मन मोठं. मला माझं मनगट दिसत होतं.
नाकात लावायला मलम दिलंय, पाच दिवस. तोवर त्याच्याजवळ जायचं नाही. मास्तर पाच दिवस काढेल ना, विचारलं. बाई कागद चाळत राहिल्या.
बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "काका, बाबांना नका सांगू. ते तरीही तुम्हालाच बोलावतील."
घरी जाता जाता दुकानाचं शटर खाली ओढलं.

२५, रविवार
मास्तरचा फोन. आवाज पार खोल गेलाय.
"अरे, रविवार आहे. कुठे उलथलास?"
म्हणालो, दुकानात फार गर्दी आहे.
तो म्हणाला, "चला, एकदाची झाली गर्दी. आधी त्यांचं आटप. मी थांबतो."