डावे मूत्रपिंड वगळून

आधी एक दुरुस्ती. यापूर्वीचे मृत्युपत्र मी अक्कलदाढ काढण्याच्या आदल्या दिवशी लिहिले होते, आणि घरात सर्वांचे वाचून झाल्यावरच ते मला परत मिळाले. त्याच्या तिसऱ्या कलमात "आमच्या घरातील दहा मीटरचा नेमबाजीचा पट्टा" असे शब्द आहेत. ते खरे नाहीत. पट्टा दहा मीटरला एक वीत आणि चार बोटे कमी आहे.

हे गेल्या आठवड्यात उघडकीस आले. ऑपरेशननंतर आत्याची खाट कुठे टाकायची हे ठरवायला दादाने पोलादी टेप आणला आणि मागच्या गॅलरीपासून पुढच्या दारापर्यंत धरला. मी तीनदा मोजायला लावले. हा पट्टा सोळा वर्षांपूर्वी आत्याने तिच्या शिवणाच्या टेपने आखला होता. त्या टेपचे पहिले चार सेंटिमीटर कधीच कात्रीत गेले आहेत. गिऱ्हाइकाचे माप घेताना ती ते मनात धरते, जमिनीचे घेताना धरले नाहीत, आणि टेप जितक्या वेळा पुढे सरकला तितक्या वेळा चार सेंटिमीटर गेले.

दादा म्हणाला, "बाईसाहेब दिवसभर जगाचे वजनकाटे तपासतात, आणि घरचा पट्टा आखूड."

आत्या म्हणाली, "टेप माझा, चूक माझी. पण छर्रे लागले नाहीत ते हिचेच."

पहिल्या स्पर्धेत समोरचा काळा ठिपका मला लहान दिसला होता. मी तसे बोलले तेव्हा आत्याने उत्तर दिले होते, "भ्यालेल्या माणसाला सगळंच लहान दिसतं." ते वाक्य तिने मागे घ्यावे अशी माझी इच्छा आहे. ही इच्छा बंधनकारक नाही.

दुरुस्ती संपली. पहिले मृत्युपत्र रद्द समजावे.

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस आणि दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारातली खेळाडू, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याबद्दल घरात दोन मते आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. लिहिण्याचे कारण इतकेच की मी आत्याला माझे डावे मूत्रपिंड देणार आहे, आणि आत्या ते घ्यायला तयार नाही.

कलम एक. वर सांगितलेले डावे मूत्रपिंड या मृत्युपत्रातून वगळले आहे. ते मी जिवंतपणीच देत असल्यामुळे ते माझ्या मागे राहणाऱ्या मालमत्तेत धरता येणार नाही. त्यावर दादाने, आईने किंवा अन्य कोणी हक्क सांगू नये. दादाची तपासणी माझ्या आधी झाली होती. त्यात त्याला साखर निघाली आणि तो बाद झाला. घरी येऊन म्हणाला, "पहिल्याच फेरीत बाहेर. आता कळलं तुला कसं वाटत असेल." आई रक्तदाबामुळे तपासणीपर्यंतही पोचली नाही, आणि हा अपमान तिने अजून गिळलेला नाही.

दवाखान्याच्या समितीने मला एकटीला बसवून विचारले होते, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

मी म्हणाले, "आहे. आत्याचा."

त्यांनी पेन खाली ठेवले. "काय म्हणतात त्या?"

"देऊ नको म्हणतात."

समितीतल्या एका बाई हसल्या आणि मग त्यांनी ते हसू खोकल्यात घातले. मी मात्र खरे तेच सांगितले होते.

कलम दोन. पिस्तूल. हे मी क्लबाला देते. ज्या मुलीला स्वतःचे घेणे जमत नसेल तिला ते वापरायला द्यावे. मात्र त्याची लाकडी मूठ आधी काढून घ्यावी. ती मी तीन वर्षे कानशीने घासून आणि लाकडाची पुटी भरून माझ्या हाताच्या मापाची केली आहे. आता ती दुसऱ्या कोणाच्याही हाताला बसायची नाही, आणि उसन्या मुठीने नेमबाजी म्हणजे उसन्या दातांनी जेवण. मूठ आत्याला द्यावी. कापड बेतताना दाबून ठेवायला चालेल.

हवेच्या नळकांड्यावर त्याची मुदत कोरलेली आहे. मुदत संपली की ते टाकून द्यावे. "अजून चालतंय की" हे वाक्य दादाने उच्चारू नये. चाप तपासायचे अर्ध्या किलोचे वजन हे तपासणीचे साधन आहे. ते आईने स्वयंपाकघरात नेल्यास पाण्याने धुऊ नये. नेऊ नये असे मी लिहिले होते, पण पाळले जाईल तेवढेच लिहावे असे वकिलांनी सुचवले.

कलम तीन. घर आणि बचत. बाबांच्या मागे या घरात माझा जो वाटा आला आहे तो आईचा. बँकेतली ठेवही तिचीच. तिने ती माझ्या आठवणीत काहीतरी उभारण्यात घालवू नये, दात करून घ्यावेत.

घरातला नियमही मी तिच्याच स्वाधीन करते. आमचा पट्टा गॅलरीतून निघतो, स्वयंपाकघराच्या दारावरून जातो आणि पुढच्या दारापाशी पत्र्याच्या पेटीत संपतो. मध्ये न्हाणीघर लागते. त्यामुळे ज्याला ओलांडायचे असेल त्याने "खाली?" असे विचारायचे, मी पिस्तूल टेबलावर ठेवून "खाली" म्हणायचे, आणि मगच त्याने पाऊल टाकायचे, ही आमच्याकडची रीत. आई आता मी कारखान्यात असतानाही न्हाणीघरात जाण्याआधी "खाली?" म्हणते. दादाच्या लग्नाची बोलणी करायला आलेली माणसे हे ऐकून दचकली होती, आणि ते स्थळ पुढे सरकले नाही. त्याचे खापर दादा माझ्यावर फोडतो. मी ते मान्य करत नाही. त्या दिवशी त्याने घातलेला शर्ट सर्वांनी पाहिला होता.

कलम चार. आत्या.

आत्याला देण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही, कारण जे आहे ते तिचेच आहे. ती बाबांची थोरली बहीण. लेडीज टेलर. तरुणपणी क्लबात उसन्या पिस्तुलाने खेळायची. पुढे दुकान आणि आम्ही दोघे भावंडे अशी दोन कामे एकदम अंगावर पडली तेव्हा तिने खेळ सोडला. मला तिने अकराव्या वर्षी गॅलरीत उभे केले. पहिले वर्षभर छर्रा दिलाच नाही. रिकामे पिस्तूल पांढऱ्या भिंतीवर रोखायचे, चाप हळू ओढायचा, आणि बोट हलताना टोक हलते का ते बघायचे. ती मशीनवर बसून पाठ माझ्याकडे करून शिवायची, आणि टोक हलले की तिला कळायचे. कसे, ते मला आजही ठाऊक नाही.

मी निशाणाकडे बघत राहायचे. एकदा तिने मला मशीनवर बसवले आणि म्हणाली, "शीव." मी सुईकडे बघत शिवले आणि शिवण नागमोडी गेली. "सुई जाते तिच्या कामाला," ती म्हणाली. "तू कापडाची कड बघ. कड सरळ तर शिवण सरळ. तिथेही तेच, निशाण धूसर दिसलं तरी चालेल, पिस्तुलाचं टोक लख्ख दिसू दे." हे पुढे मला मोठ्या प्रशिक्षकांनी पैसे घेऊन सांगितले.

तिने दुसरे एक शिकवले, ते मात्र माझ्या अंगाशी आले. "मनात किंतु आला की हात खाली घे. सुटलेला छर्रा परत बोलावता येत नाही." माझ्या मनात किंतु सोडून दुसरे काही फारसे येत नाही. त्यामुळे मी हात वर घेते, खाली घेते, पुन्हा वर घेते. दादा मला लिफ्ट म्हणतो. क्लबातही आता तेच नाव आहे. "लिफ्ट वर गेली, लिफ्ट खाली आली, उतरलं कोणीच नाही."

मागच्या वर्षीच्या अंतिम फेरीत एका फैरीला पन्नास सेकंद होते आणि मी चौथ्या जागेवर होते. हात तीनदा वर गेला, तीनदा खाली आला. चौथ्यांदा वर गेला तेव्हा प्रेक्षकांतून आत्याचा आवाज आला, "अगं, मार एकदाचा, स्वयंपाक राहिलाय." पंचांनी तिला ताकीद दिली. तेवढ्यात वेळ संपला आणि मला शून्य मिळाले. पंचांबद्दल माझी तक्रार नाही, नियम बरोबर होता. घरी आल्यावर कळले की स्वयंपाक झालेला होता. ही तक्रार आहे.

त्यानंतर चार महिन्यांनी तिची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीनदा ती डायलिसिसच्या यंत्राला हात जोडून बसते, आणि परत येताना रिक्षातून सांगते की शेजारच्या खाटेवरच्या बाईचे ब्लाउज कुठे फसले आहे.

आता अडचण काय आहे ती लिहिते. निवड चाचणी एकवीस नोव्हेंबरला आहे. पहिल्या चौघींना देशाबाहेरची स्पर्धा मिळते. या वर्षी माझे गुण पहिल्या चौघींत बसणारे आहेत. ऑपरेशननंतर सहा आठवडे भाजीची पिशवीही उचलायची नाही असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे, आणि पिस्तूल बरोबर भाजीच्या पिशवीइतके भरते. आत्याने ऐकले आणि म्हणाली, "आधी चाचणी. त्याशिवाय मी त्या टेबलावर चढत नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यंत्राला जोडायची तुमच्या हातातली नस दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू होईल असं मी लिहून देणार नाही. आपली बारा तारीख गेली तर पुन्हा शस्त्रक्रियागृह मिळायला दोन महिने जातील."

"मग दोन महिने जातील. बाई, कोट शिवायला टाकतात लोक आणि वर्षाने नेतात."

"कोटाला थांबता येतं."

"मीही थांबते. सोळा वर्षं या पोरीच्या हातामागे घातली. ती एका मूत्रपिंडात घालवू?"

मी तिथे होते. बोलले असते तर रडले असते, आणि मग तिने त्याचीही टर उडवली असती. म्हणून इथे लिहिते. आत्या, हे तू माझ्या मरणाची वाट न बघताच वाचणार हे गृहीत धरून मूळ प्रत तुझ्या मशीनच्या खणात ठेवली आहे. मला चाचणी नको आहे असे तू समजू नकोस. मला ती हवी आहे. मृत्युपत्रात खोटे लिहिले तर ते रद्द होते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, होत नाही. तरी मी खोटे लिहीत नाही. मला चाचणी हवी आहे, पण त्या दिवशी टेबलाशी उभी राहून तुझी नस चालू आहे की नाही याचा विचार करत मी कितीदा हात खाली घेईन ते तुला माहीत आहे. तुला सोळा वर्षे वाया गेलेली चालणार नाहीत. मला तू गेलेली चालणार नाहीस. यात कोणाचे पारडे जड हे बघायला वजनकाटा लागत नाही.

काल संघटनेच्या सचिवांना फोन करून मी माझे नाव मागे घेतले. त्यांनी विचारले, "दुखापत?" मी म्हणाले, "अजून नाही." त्यांनी पुन्हा विचारले नाही, फक्त पुढच्या वर्षीचा अर्ज पाठवतो म्हणाले. त्यामुळे थांबण्याचे तुझे कारण कालपासून अस्तित्वात नाही. नवे शोधलेस तर ते सबळ असावे.

कलम पाच. मी ऑपरेशनमधून उठले नाही, आणि आत्या उठली, तर तिने हे माझ्यामुळे झाले असे म्हणत बसू नये. क्लबात जाऊन उभे राहावे आणि त्या मुलीला, जिला पिस्तूल मिळेल तिला, रिकाम्या भिंतीपुढे वर्षभर उभे करावे. हात खाली घ्यायला शिकवताना छर्रा कधी सोडायचा तेही शिकवावे. मी त्यात कच्ची राहिले ती माझ्या स्वभावाने, तिच्या शिकवण्याने नव्हे. दादाने नवीन लिफ्ट शोधू नये.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दादाने करावी. तो साक्षीदार होण्याचा आग्रह धरत होता. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये असे मी त्याला समजावले. त्याने विचारले, "मला काय मिळतंय?" माझे घड्याळ मी त्याला देते. ते दोन मिनिटे पुढे आहे. तसेच ठेवावे.

साक्षीदार तळमजल्यावरचे औषध दुकानदार आहेत. आमच्या पेटीत छर्रा पडल्याचा आवाज त्यांनी पंधरा वर्षे डोक्यावर ऐकला आणि एकदाही तक्रार केली नाही. दुसरे, क्लबातले निशाणांची यंत्रे दुरुस्त करणारे काका. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली. काकांनी सही करण्याआधी विचारले, "आत्याबाई नाहीच आल्या तर?"

त्याचे उत्तर लेखी असलेले बरे. आत्या आली नाही तरी मी दाखल होणार. माझे मूत्रपिंड तिच्या नावावर मंजूर झाले आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला देण्याची तरतूद मी ठेवलेली नाही. शेजारची खाट रिकामी असेल तर मी पोटात अन्नाचा कण नसताना तिच्याकडे बघत पडून राहीन, आणि दवाखान्यातली सगळी माणसे येता-जाता विचारतील की बाई, तुमची आत्या कुठे. काय सांगायचे ते तिने आधी कळवावे.

सही: मृत्युपत्र लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिले, सही: औषध दुकानदार, तळमजला
साक्षीदार दुसरे, सही: यंत्र दुरुस्ती, नेमबाजी क्लब

स्थळ: राहते घर, गॅलरी
लिहिल्याची तारीख: रविवार, ३ नोव्हेंबर २०२४
दवाखान्यात दाखल होण्याची तारीख: सोमवार, ११ नोव्हेंबर
मूत्रपिंड देण्याची तारीख: मंगळवार, १२ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता