बाबांचं नवं नाव

१७ फेब्रुवारी १९८५

प्रिय शेरिफेताई,

सलाम. तू, भावजी आणि मुलं बुर्सात खुशाल असाल. इथे गुडघाभर बर्फ आहे. तंबाखूचं यंदा बरं झालं. मी बरी आहे.

हे पत्र डाकेने टाकलं नाही, तुमच्याकडे तुर्कस्तानात निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हाती दिलंय. वाचून झालं की जाळ.

त्या दिवशी फोनवर मी बल्गेरियनमध्ये दोन वाक्यं बोलले आणि ठेवून दिला. तुला राग आला असणार. अगं, पोस्टातली बाई माझ्या खांद्याशी उभी होती. तुर्की बोललं की आता दंड होतो. बाजारात आपल्या बायका खुणेने भाव करतात.

जानेवारीत एका पहाटे सैनिकांनी गावाला वेढा घातला. सगळ्यांना शाळेत नेलं. टेबलावर बल्गेरियन नावांची यादी. "यातलं एक निवडा आणि सही करा." इथलं बल्गेरियाचं सरकार म्हणतं, तुम्ही तुर्क नाहीच, मुळात बल्गेरियनच, फक्त विसरलात. मी आता नादेझ्दा आहे. शेजारच्या दिलेखानमावशीने विचारलं, "माझा नवरा मेलाय, त्याचंही बदलायचं का?" अधिकारी म्हणाला, "हो, त्याचंही." मावशी हसायला लागली, ती थांबेचना. दोघींनी धरून बाहेर नेलं.

बाबा शाळेत आलेच नाहीत. तंबाखू वाळवायच्या कोठारात, माळ्यावर लपले होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं.

ताई, कुणीतरी नाही. मी.

मला कुणी मारलं नाही. "लेक किती वर्षांची तुझी?" अधिकाऱ्याने एवढंच विचारलं. मी कोठाराकडे बोट केलं. लोकांना सांगते, मरणाची थंडी होती, म्हातारा गोठला असता. पण थंडीचं मला नंतर सुचलं.

बाबांना दोघांनी खाली उतरवलं. केसांत तंबाखूचा चुरा.

"नाव?"

"रमिझ."

"नवं नाव विचारतोय."

"नवं घेऊन काय करू, साहेब? जुनंच अजून झिजलं नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी स्वतःच 'रादोस्लाव' लिहिलं आणि बाबांना गाडीत घातलं. जाताना बाबा मला म्हणाले, "चूल विझवून आलीस ना गं?" म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. की होतं?

डॅन्यूबमधल्या बेटावरच्या छावणीत आहेत, असं म्हणतात. मी पार्सल पाठवलं. लोकरी मोजे, सुकवलेलं मटण, थोडी तंबाखू. वर रादोस्लाव लिहिलं, तसंच लिहावं लागतं. मंगळवारी ते परत आलं. शिक्का होता, 'घेणारा मिळाला नाही'.

तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. बाबा त्या नावाला ओ देत नाहीत, की ओ द्यायला उरलेच नाहीत? कुणाला विचारू? आणि विचारायचं तर कुठल्या नावाने?

काल नव्या कागदात पार्सल बांधलं. वर 'रमिझ' लिहिलं. तीन कागद फुकट गेले. उद्या पोस्टात द्यायला जातेय. ती बाई घेईल, नाहीतर पोलिसांना बोलावेल.  पण जाणार, ताई.

लेकीला, नुर्गुलला, दिलेखानमावशीकडे ठेवतेय. ती कधीकाळी तुझ्यापर्यंत पोचली, आणि मी सोबत नसले, तर तिच्या आजोबांकडे बोट कुणी दाखवलं ते तिला सांग. झाकू नकोस.

तुझी भेदरलेली धाकटी,
नाझिफे