वॉटफर्डच्या एकतीस नंबर प्लॉटचा वारस

मी, हॅनॉक सॅम्युएल नागावकर, वय ८१, राहणार वॉटफर्ड, हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातून निवृत्त, डोकं ठिकाणावर असताना (पत्नी सुलक्षणा हिचं मत वेगळं आहे) आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः रागाच्या भरात केलेलं २०१९चं.

१. घर आणि बँकेतली शिल्लक सुलक्षणाला. तिने पुढे त्याचं काय करायचं, हे तिला सांगण्याची माझी हिंमत नाही.

२. मुलगा डॅनियल, मुक्काम ब्रिस्टल, याला मलिद्याची पितळी परात. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवस फेडताना पोहे, खोबरं, साखर कालवून एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतो. परातीत धुवायचे कपडे दिसल्यास ती सुलक्षणाने परत आणावी.

३. अलॉटमेंटवरचा, म्हणजे भाजीपाला लावायच्या प्लॉटवरचा, शेजारी शशिधर याला बोथट फावडं देणार होतो. कारण असं: सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्यावी, असं आमचं शास्त्र सांगतं. मी दिली. कमरेइतकं गवत माजलं आणि कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस आली: लागवड करा, नाहीतर प्लॉट सोडा. कळवलं कुणी? शशिधर "मी नाही रे" म्हणाला, पण कान लाल झाले होते. सुलक्षणा म्हणाली, "अहो, तो नियम देवाने कबूल केलेल्या देशातल्या जमिनीचा! वॉटफर्ड त्याने कुणाला कबूल केलं होतं?" हेही तिने सांगितलं ते वर्ष संपल्यावर.

आता वकील शिल्पा म्हणते, मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही. उत्तम. शशिधर साक्षीदार. त्याला काहीही मिळू नये ही माझी जुनी इच्छा कायद्यानेच पुरी केली.

४. नऊ वर्षं वेटिंग लिस्टवर काढून मिळालेला अलॉटमेंटचा प्लॉट डॅनियलला, मुलगा म्हणून. देवाने अब्राहामाला अख्खा देश कबूल केला, पण हयातीत त्याच्या नावावर झाली ती बायकोच्या कबरीपुरती जागा. माझा भाऊ त्या देशात, इस्राएलला गेला. बेरशेबात तिसऱ्या मजल्यावर राहतो, कोथिंबिरीची एक कुंडी आहे. मेथी आणि मुळे माझ्याच वाट्याला आले. ही जमीन घरातून जाता कामा नये. मला एवढंच हवं आहे.

५. वरचं कलम शिल्पाने हाणून पाडलं. "काका, प्लॉट तुमचा नाहीच! कौन्सिलचा आहे, तुम्ही नुसते भाडेकरू. तुम्ही गेलात की टेनन्सी संपली. तुमच्या हयातीत दुसऱ्या कुणाचं नाव जोडलंत, तरच तो घरात राहील."

डॅनियलला फोन केला. "डॅड, मेथी काढायला ब्रिस्टलहून येऊ? बी सीरियस!" खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

६. रविवारी मुलगी रिबेका आली. शाळेत शिकवते, इथेच दोन गल्ल्या सोडून राहते. मसुदा वाचला आणि कप आपटला.

"बाबा, बारा वर्षं पाणी मी घालते. आणि नाव डॅनियलचं? यू नेव्हर ईव्हन आस्क्ड मी! सलाफहादला मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, बाबांची जमीन आम्हाला द्या. मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. तुम्ही कुणाला विचारणार?"

"सलाफहादला मुलगा नव्हता, मला आहे," असं म्हणणार होतो. सुलक्षणाने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हणालो, "कौन्सिलला."

रिबेकाचं नाव जोडायचा फॉर्म आला. आम्ही दोघांनी सह्या केल्या, कौन्सिलचं मंजुरीचं पत्रही आलं. सबब कलम ४ रद्द.

७. रिबेकाला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. फक्त माफी मागतो. पोरी, मी चुकलो. तू मागेपर्यंत मी थांबायला नको होतं.

हे सर्व वाचून, चष्मा पुसून पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

वॉटफर्ड, १८ मे २०२५

हॅनॉक सॅम्युएल नागावकर

साक्षीदार:

१. शशिधर बेंद्रे, निवृत्त इंजिनिअर

२. रिबेका हॅनॉक नागावकर, शिक्षिका आणि प्लॉट नंबर ३१ची सहभाडेकरू